पोशीर फाट्याची कोरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना गठ्ठा आहे. कागदाचा म्हणा, पुठ्ठ्याचा म्हणा. सुतळीने करकचून बांधलेला, कडांना पिवळा पडलेला आणि एका लोखंडी कपाटाच्या डोक्यावर पालींच्या सोबतीने राहणारा. मला पाहून तुम्ही म्हणाल, ही रद्दी अजून कुणी विकली कशी नाही? विकायला काढली होती की! पण रद्दीवाला हात लावायला गेला की जयवंताबाई हात आडवा घालतात. "हे राहू द्या," एवढंच म्हणतात आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसतात. त्या असं का करतात हे ऑफिसातल्या नव्या मुलांना कळत नाही. म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

माझं एकेक पान म्हणजे एक कार्ड. पोस्टकार्डाहून लांबट, एका कोपऱ्यात तिरकं कापलेलं आणि अंगावर बारीक चौकोनी भोकं असलेलं. ही भोकं उंदरांनी पाडलेली नाहीत बरं का! प्रत्येक कार्डावरच्या भोकांत संगणकासाठी एकेक हुकूम लिहिलेला असतो. असे शेकडो हुकूम एकामागून एक लावले की त्यांचा प्रोग्राम होतो. माझी भाषा फोरट्रान, त्यातही फोरट्रान-चार. संगणकाच्या भाषांनाही माणसांसारख्या पिढ्या असतात, आणि मी जुन्या पिढीचा.

माझा जन्म कुंभिवलीचा. तिथे हमरस्त्याला लागून लोखंडी पाइपांचा एक कारखाना उभा राहिला आणि सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षांत तिथे संगणक आला. संगणक म्हणजे तुम्हाला वाटतो तसा चिमुकला नव्हे. कपाटांची एक रांगच होती ती, आणि तिच्यासाठी थंड हवेची वेगळी खोली. कामगार दाराच्या काचेला नाक लावून बघायचे. भट्टीसमोर घामाने निथळणाऱ्या माणसांना त्या यंत्राच्या गारव्याचा भारी हेवा वाटायचा.

मला लिहिलं श्रीपत गायकवाडने. तो खालापूरचा. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा तो लहान होता, पण तेव्हापासून त्या घरात शिकण्याला सणासारखं मानायचे. तो गणितात पदवी घेऊन आला आणि त्या थंड खोलीत नोकरीला लागला. फोरट्रान ही खरं तर इंजिनिअरांच्या आकडेमोडीची भाषा. पण श्रीपतला तीच येत होती, आणि साहेबांनी त्याला पहिलं काम दिलं ते कारखान्याच्या बसचं. कोणत्या पाळीला कोणत्या थांब्यावरून कोणी चढायचं, याचा रोजचा कागद छापून हवा होता. श्रीपत खट्टू झाला. एवढं शिकून शेवटी बसचाच कागद का, असं म्हणाला. तरी त्याने मला मन लावून लिहिलं.

त्याने कागदावर लिहिलेली एकेक ओळ कार्डांवर टोचली जयवंताबाईंनी. त्या तेव्हा नुसत्या जयवंता होत्या, कर्जतहून यायच्या, टायपिंगची परीक्षा पास झालेल्या. टकटक टकटक करत मला त्यांनी भोक भोक करून घडवलं. सगळी कार्डं झाल्यावर त्यांनी माझा गठ्ठा नीट ठोकून सरळ केला आणि माझ्या माथ्यावरून निळ्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढली. कार्डं कधी सांडलीच, तर ती रेघ पुन्हा जुळेपर्यंत लावायची. माझ्या कपाळावरचं ते कुंकूच समजा.

आता माझं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बसचा प्रत्येक थांबा मी हातात घ्यायचो. त्या थांब्यावर जितकी माणसं, तितक्या फेऱ्या मारायचो, आणि प्रत्येक फेरीत एकेक नाव छापायचो. पहिल्या फेरीत नावाच्या आधी थांब्याचंही नाव छापायचं, असं श्रीपतने लिहिलं होतं. आमच्या जुन्या फोरट्रानची एक खोड होती. ती आधी फेरी मारून यायची आणि मग मोजायची. समजा गल्लीतल्या एखाद्या मावशी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाल्या. त्या प्रत्येक दारात जाणारच. दाराला कुलूप दिसलं तर परत येतील, पण जाऊन येतील. आमचं तसंच. थांब्यावर एकही माणूस नसला तरी मी एक फेरी मारायचो, थांब्याचं नाव छापायचो आणि खाली माणसाच्या जागी कोरी ओळ सोडायचो. पण त्या काळी कारखान्यात भरती जोरात होती. रिकामा थांबा कधी आलाच नाही, म्हणून माझी ही खोड कुणाच्या लक्षातही आली नाही.

बसचा सगळ्यात लांबचा थांबा पोशीर फाटा. बस पहाटे नेरळला जायची, तिथून कळंबच्या रस्त्याला आत वळून पोशीर फाट्यावर पोचायची, आणि मग मागे फिरून कर्जत, खालापूर करत कुंभिवलीला यायची. त्या फाट्यावर एकच माणूस चढायचा. त्याचं नाव कोंडाजी.

कोंडाजी कारखान्यात पाइप उचलायच्या कामावर होता. भाताची थोडी शेती, घरी बायको भागूबाई, लेक लग्न होऊन मुरबाडकडे गेलेली. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. त्याची माझी ओळख झाली ती श्रावणातल्या एका दिवशी. संगणकाची खोली जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत न्यायची होती आणि सामान उचलायला कोंडाजीला बोलावलं होतं. जयवंताबाई मला छातीशी धरून अंगण ओलांडत होत्या. पायरीवर त्यांचा पाय घसरला आणि मी चहूकडे उधळलो. तेवढ्यात सर आली. पुठ्ठ्याला पाणी लागलं की तो फुगतो आणि मग यंत्र त्याला तोंड लावत नाही. माझा शेवटच आला होता, मित्रांनो!

कोंडाजीने खांद्यावरची पेटी खाली ठेवली, भिंतीला टेकवलेलं आपलं इरलं उचललं आणि माझ्यावर पालथं घातलं. आपण मात्र भिजत उकिडवा बसला आणि इरल्याखाली हात घालून एकेक कार्ड वेचू लागला. प्रत्येक कार्ड मुंडाशाच्या कोरड्या टोकाने टिपायचा, बायाबापड्या तान्ह्या मुलाचं अंग टिपतात तसा. पाइप उचलून त्याच्या हाताला घट्टे पडले होते. पण इतक्या हलक्या हाताने मला आजवर कुणी धरलं नव्हतं.

जयवंताबाईंनी निळी रेघ जुळवत मला पुन्हा लावलं तेव्हा तो दारातच उभा होता.

"पोरी, ही भोकाची कागदं काय करत्यात गं?" त्याने विचारलं.

श्रीपतला चेष्टा सुचली. तो म्हणाला, "कोंडाजीबाबा, हीच तुमची गाडी पोशीरला धाडतात. ह्यांनी तुमचं नाव छापलं नाही तर ड्रायव्हर पोपट गाडी आणणार नाही."

"म्हंजी ही मला वळखत्यात?"

"ओळखतात तर!"

कोंडाजी हसला नाही. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि त्या दिवसापासून त्याच्या मनाने घेतलं की थंड खोलीतल्या यंत्राला आपण ठाऊक आहोत. काचेच्या दारावरून जाताना तो कपाळाला हात लावायचा. बाकीचे कामगार त्याची टर उडवायचे. पण त्याचं म्हणणं साधं होतं. "मुकादम नाव इसरतो, सायेब नाव इसरतो. हिनं कदी इसरलंय का?"

अशी दहाएक वर्षं गेली. माझी कार्डं झिजली की जयवंताबाई तशीच नवी टोचून घालायच्या. श्रीपत मोठा अधिकारी झाला. मी रोज संध्याकाळी खडखडत यंत्रातून जायचो आणि पहाटे बसचा ड्रायव्हर पोपट माझा कागद घेऊन निघायचा. हा पोपट बोलका आणि पोटात माया असलेला माणूस. पण कागदाबाहेर जायची त्याला सोय नव्हती. पूर्वी ड्रायव्हर वाटेल तिथे गाडी वळवायचे, म्हणून साहेबांनी सक्त ताकीद दिली होती. कागदावर आहे तिथे जायचं, नाही तिथे चाक वळवायचं नाही.

मग कोंडाजीला खोकला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, भट्टीच्या धुराचा असेल. पण तो वाळत चालला आणि एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून क्षय सांगितला. काम सुटलं. नोकरीची वर्षंही भरत आलीच होती, त्यामुळे त्याला रीतसर निरोप देण्यात आला. नारळ दिला, शाल दिली. डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून दोन दिवस सुई घ्यायला इथे या. वर्षभर घ्यायची. मध्ये खंड पडला तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

कामगारांच्या यादीतून कोंडाजीचं नाव निघालं. पोशीर फाट्यावरची माणसं झाली शून्य.

तुमच्या लक्षात आलं ना, मित्रांनो? त्या संध्याकाळी मी पोशीर फाटा हातात घेतला. माणूस नव्हता. पण माझ्या खोडीप्रमाणे मी एक फेरी मारली, फाट्याचं नाव छापलं आणि खाली कोरी ओळ सोडली. पोपटने पहाटे ती ओळ पाहिली. त्याला वाटलं, श्रीपत साहेबांनी म्हाताऱ्याच्या सुईसाठी थांबा मुद्दाम ठेवला आहे. साहेबांचा चांगुलपणा कशाला बोलून दाखवायचा, असं मनाशी म्हणून त्याने गाडी फाट्यावर नेली. तिथे कोंडाजी आणि भागूबाई उभेच होते. गाडी येईल अशी भागूबाईंना आशा नव्हती. त्या त्याला घरी चला म्हणत होत्या. गाडीचे दिवे दिसले तसा कोंडाजी म्हणाला, "बग, मी काय म्हनलो? नोकरी गेली तरी मशिनीनं मला ठिवलाय."

श्रीपतला यातलं काही ठाऊक नव्हतं. बसचा कागद पोपटशिवाय कोण वाचतो? अशी ती बस एका कोऱ्या ओळीसाठी जात राहिली. सुईच्या दिवशी कोंडाजी चढायचा, बाकी दिवशी नुसता फाट्यावर येऊन गाडीला हात करायचा. दवाखान्यातून परत जाताना काचेच्या दाराशी यायचा. त्याच्या गालांवर मांस आलं, खोकला दबला. भागूबाईंनी एकदा जयवंताबाईंसाठी फडक्यात बांधून वालाच्या शेंगा आणल्या होत्या. मला काय देणार? पण त्यांनीही काचेतून माझ्या दिशेने हात जोडले. मी अगदी संकोचून गेलो.

इथवर माझी गोष्ट सुखाची आहे. पुढे सांगताना मला अजून जड जातं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नवा संगणक आला. लहान, चपळ, कार्डं न खाणारा. त्याच्यासोबत फोरट्रानची नवी आवृत्ती आली, फोरट्रान-सत्याहत्तर. मुंबईच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला की सगळे जुने प्रोग्राम नव्या भाषेत चालवा. जयवंताबाईंचा जीव कासावीस झाला.

"साहेब, हे चाललंय की चांगलं. मग कशाला मोडायचं?"

श्रीपत म्हणाला, "बाई, चाललंय खरं. पण का चाललंय हे आता कुणाला आठवत नाही, हीच मला धास्ती वाटते. नवी भाषा स्वच्छ आहे. वाचणाऱ्याला कळते. उद्या आपण नसलो तर मागून येणाऱ्या मुलांनी ही भोकं वाचत बसायची का?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने हयगयही केली नाही. पगाराचा प्रोग्राम, मालाचा प्रोग्राम, जुन्यात आणि नव्यात चालवून ओळ ओळ ताडून पाहिली. मी आपला साधा बसचा कागद. माझ्या कार्डांवरच्या ओळी टंकून नव्या यंत्रात भरल्या, नव्या भाषेने मला वाचलं आणि एकही चूक दाखवली नाही. श्रीपत खूश झाला. "बघा बाई, एक अक्षर बदलावं लागलं नाही!"

अक्षर बदललं नव्हतं, पण खोड बदलली होती. नवी भाषा आधी मोजते आणि मग फेरी मारते. तिने विचारलं, पोशीर फाट्यावर किती माणसं? शून्य. मग जायचं कशाला? हिशेबाने पाहिलं तर तिचं बरोबरच होतं. पण फेरी नाही, म्हणून फाट्याचं नाव नाही, आणि कोरी ओळही नाही. काही बिघडलं असतं तर यंत्राने घंटा वाजवली असती, लाल दिवा लावला असता. तसं काही झालं नाही. कागद आला तो जुन्यापेक्षा देखणा आला. मी तेव्हा सुतळीत बांधून कपाटावर पडलो होतो. नव्या कागदावरून फाटा गेल्याचं मला दिसत होतं, पण मला सांगता येत नव्हतं.

पोपटने कागद पाहिला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं औषध पुरं झालं, म्हणून साहेबांनी थांबा काढला. चांगली गोष्ट झाली म्हणून त्याने कर्जतला पेढा खाल्ला आणि गाडी नेरळवरूनच फिरवली. दवाखान्यात वाटलं, म्हातारा लेकीकडे गेला असेल, तिकडेच सुई घेत असेल.

आणि फाट्यावर? फाट्यावर ते दोघं ऊन चढेपर्यंत उभे होते. दुसऱ्या दिवशी उभे होते. पुढच्या सुईच्या दिवशीही उभे होते. मग कोंडाजी म्हणाला, चल घरी.

हे सगळं आम्हाला पावसाळा सरल्यावर कळलं, नवरात्राच्या आसपास. पोपट कसल्याशा सहीसाठी श्रीपतच्या टेबलाशी आला होता. जाता जाता सहज म्हणाला, "सायेब, कोंडाजीबाबा पार बरा झाला वाटतं? तुमी फाटा काढलात म्हनून इचारतो."

श्रीपतने मान वर केली. "कुठला फाटा?"

"पोशीरचा. माणूस नव्हता तरी तुमी कागदावर ठिवला व्हता ना? उन्हाळ्यापासून नाय."

श्रीपत लगेच उठला. कपाटावरून मला खाली घेतलं, सुतळी सोडली आणि कार्डांवरून बोट फिरवत फिरवत एका कार्डाशी थांबला. ते फेरी सुरू करायच्या हुकुमाचं कार्ड होतं. त्याचा चेहरा उतरला. "बाई," तो जयवंताबाईंना म्हणाला, "थांब्याचं नाव मी फेरीच्या आत लिहिलं होतं." जयवंताबाईंना आणखी सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

त्याच दुपारी ते तिघे गाडी घेऊन निघाले. श्रीपतने मला पिशवीत घालून सोबत घेतलं. "कोंडाजीबाबांना दाखवतो," तो वाटभर म्हणत होता, "तुमचं नाव कुणी काढलं नाही म्हणून दाखवतो."  पोपटने रस्त्यावरची नजर काढली नाही.

भागूबाई अंगणात खळ्यासाठी जमीन चोपत होत्या. गाडीचा आवाज ऐकून उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "या," म्हणाल्या आणि लोट्यात पाणी आणायला आत वळल्या.

कोंडाजी पडवीत बाजेवर होता. मी त्याला ओळखलं ते हातांच्या घट्ट्यांवरून. बाकी काही उरलं नव्हतं.

श्रीपत बाजेजवळ गेला. "कोंडाजीबाबा, अहो गाडी आली नाही तर एक निरोप का नाही धाडलात? यष्टीने यायचं, कुणाबरोबर चिठ्ठी पाठवायची..."

उत्तर भागूबाईंनी दिलं. "मी लय येळा म्हनलं सायेब. जाऊन इचारा तरी. पर हे म्हनायचं, मानसानं नाय म्हनलं तर दुसऱ्या मानसाला इचारता येतं. मशिनीनंच नाव काढलं म्हंजी माजी येळ भरली. तिला कोन इचारनार? आनि आदी बरं बी वाटत व्हतं वो. खोकला नव्हता. मग गणपतीत पुन्ना रगत आलं."

मित्रांनो, हे ऐकून मला वाटलं, त्या श्रावणात भिजून फुगलो असतो तर बरं झालं असतं. ज्याने मला वेचलं, त्याला वाटत राहिलं की मी त्याला टाकलं.

श्रीपत बाजेशी उकिडवा बसला. माझ्यातून ते एक कार्ड काढून त्याने कोंडाजीच्या हातात दिलं आणि समजावून सांगायला लागला. "बाबा, तुमचं नाव कुणी काढलं नाही. भाषा बदलली. जुनी भाषा माणूस नसला तरी एकदा जाऊन यायची. नवी तसं करत नाही. एवढंच झालं."

कोंडाजीने कार्ड उजेडाकडे धरलं. भोकांतून त्याच्या तोंडावर उन्हाचे ठिपके पडले. त्याने अंगठ्याने कार्ड पुसलं, पूर्वी पुसायचा तसंच.

"म्हंजी हिनं मला टाकलं नाय?"

"नाही बाबा."

"मला वळखून गाडी धाडत व्हती ही?"

 खरं सांगायचं तर कागदावर कोंडाजीचं नाव नव्हतं. गाडी जात होती ती शून्यासाठी, एका भाषेच्या खोडीसाठी. गणिताच्या माणसाला खोटं बोलणं जड जातं. श्रीपत पिशवीतली बाकीची कार्डं सारखी करू लागला.

जयवंताबाई पुढे झाल्या. "व्हय बाबा," त्या म्हणाल्या, "वळखत व्हती."

त्या खोटं बोलल्या असं तुम्हाला वाटेल. पण मी तिथेच पिशवीत होतो आणि मी सांगतो, त्या खरं बोलल्या. यंत्राने ओळखलं नसेल, भाषेने ओळखलं नसेल. मी त्याला ओळखत होतो.

कोंडाजीने डोळे मिटले. "मंग बरं झालं," एवढंच बोलला. ते कार्ड त्याने बंडीच्या खिशात ठेवलं. श्रीपतने ते परत मागितलं नाही.

दुसऱ्या सकाळी पोपट कागदाशिवाय गाडी घेऊन फाट्यावर गेला. नोकरीची पर्वा त्याने केली नाही. कोंडाजीला भागूबाईंनी आणि त्याने धरून चढवलं. डॉक्टरांनी सुई पुन्हा सुरू केली, मुंबईहून नवी औषधं मागवली. पण खंड पडला होता. थोडे दिवस तो आला, खिडकीला डोकं टेकून, अंगावर ती निरोपाची शाल घेऊन. मग धरून चढवलं तरी चढण्याचं त्राण राहिलं नाही. दिवाळीच्या आधी, भात कापणीला आलं असताना, कोंडाजी गेला. बंडीच्या खिशातलं कार्ड भागूबाईंनी काढून घेतलं नाही. ते त्याच्याबरोबर गेलं.

श्रीपतने नव्या प्रोग्रामात एक ओळ वाढवली. पोशीर फाटा रोज छापायचा, माणूस असो वा नसो. मुख्य कचेरीतून विचारणा झाली की रिकाम्या थांब्यावर गाडी कशाला जाते? त्याने काय उत्तर दिलं मला माहीत नाही, पण ओळ अजून आहे. गाडी रोज जाते. पोपट फाट्यावर थांबतो, एकदा हॉर्न वाजवतो आणि फिरतो. कधी कधी भागूबाई तिथे उभ्या असतात. गाडीत चढत नाहीत. दार उघडलं की आत बघतात आणि म्हणतात, "जा रं बाबा. आज कुनी नाय." पोपट हे जयवंताबाईंना येऊन सांगतो, तेव्हा कपाटावर मी ऐकत असतो.

आता माझ्या माथ्यावरच्या निळ्या रेघेत एक फट आहे. ते एक कार्ड नाही, म्हणून मला जुन्या यंत्रातही कुणी चालवू शकणार नाही. नवी मुलं मला बघून वाद घालतात, की जुनी भाषा ठेवायची की टाकायची? दोन्ही बाजूंचं बोलणं मला पटतं. मी काही 'जुनं ते सगळं जपा' असं म्हणणार नाही. नवी भाषा माझ्याहून शहाणी आहे, तिला खुशाल घरात घ्या. पण बाळांनो, जुन्याची सुतळी आवळून त्याला कपाटावर टाकण्याआधी, ते कुणासाठी कुठवर जात होतं तेवढं बघा. ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी फाट्यापर्यंत जावं लागतं. तिथे कुणी नसेलही. नसलं तरी एकदा जाऊन या, आणि मग मोजा.